फोटोतलीच वस्तू मिळेल

आमच्या घरात एक चादर आहे. निळ्या रंगावर पिवळे मोर, आणि मोरांच्या माना गरजेपेक्षा जरा लांब. सासूबाईंनी लग्नात दिलेली. ही चादर कोचीपासून गुवाहाटीपर्यंत लोकांनी पाहिलेली आहे. एवढी प्रसिद्धी आमच्या घराण्यात अजून कोणाच्या वाट्याला आलेली नाही. जुन्या मोटारसायकलींचे सुटे भाग मी इंटरनेटवर विकायला लागलो, तेव्हा प्रत्येक भागाचा फोटो या चादरीवर ठेवून काढलेला असे. जमशेदपूरच्या एका गृहस्थाने लिहिलं होतं की कार्ब्युरेटर नको, पण चादर विकायची असेल तर कळवा. वैजूने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला उत्तर टाकलं की चादर चालू स्थितीत आहे, पण आमच्याकडे एकच आहे आणि रोज वापरात आहे.

आमचं दुकान नाशकात, द्वारका चौकापासून चालत पाच मिनिटांवर. दुकान म्हणजे पुढे एक गाळा आणि मागे पत्र्याची शेड. नात्यात माझी ओळख करून देताना सासरे म्हणायचे, जावई ऑटोमोबाईल लाईनमध्ये आहेत. माझे वडील म्हणायचे, पोरगं भंगारात आहे. धंदा या दोन्हींच्या मधे कुठेतरी होता. अपघातात वाकलेली, फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली, मालक परगावी गेल्यामुळे पडवीत जिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या अशी गाडी आमच्याकडे यायची. आम्ही ती खोलायचो, भाग रॉकेलमध्ये धुवायचो, बरे-वाईट वेगळे करायचो आणि एकेक विकायचो. एक मेलेली गाडी सात-आठ जिवंत गाड्यांना पुरते. म्हणून मी कुठल्या लग्नात नवी कोरी मोटारसायकल पाहिली की तिच्यात मला ते सात-आठजण दिसायचे. वैजू म्हणायची, नवऱ्यामुलाच्या गाडीकडे असं बघू नका, बरं दिसत नाही.

यातलं कसब हातात असतं. इंजिनाच्या केसिंगला तडा आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटावर अधांतरी लटकवायचं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच वाजवायचं. टण्ण आवाज आला तर अंग धड आहे. टप्प आला तर बाजूला ठेवायचं, मग ते कितीही चकाचक असो. गिऱ्हाईकही समोर उभं राहून वाजवून घ्यायचं. आमच्या दुकानात दुपारी आलात तर देवळाच्या दारात उभं असल्यासारखं वाटायचं.

हे सगळं मी जुन्या नाशकात भद्रकालीजवळ रशीदचाचांच्या दुकानात बसून शिकलो. चाचा फार बोलत नसत. पण त्यांचा एक नियम होता, आणि तो मी माझ्या दुकानात जसाच्या तसा आणला. दुकानात दोन प्रकारचा माल असतो. एक विकायचा, आणि दुसरा ठेवीचा. ठेवीचा म्हणजे कुणाचं तरी इंजिन अर्धं खोललेलं आहे, एखादा भाग लेथवर गेलाय, बाकीचे आपल्याकडे पडलेत. हे भाग तारेने बांधून ठेवायचे. चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही, फक्त तार. सुटं आहे ते विकायचं आणि तार दिसली की हात मागे घ्यायचा. चाचांच्या दुकानात गावातला कुठलाही मेकॅनिक येऊन रॅकमध्ये हात घालायचा, पण तारेला कोणी शिवायचं नाही. नव्वद सालानंतर मी वेगळं दुकान टाकलं. दहा-बारा वर्षांत तारेवरून एकदाही भांडण झालं नाही.

मग इंटरनेट आलं. म्हणजे नाशकात ते आधीच आलं होतं, माझ्याकडे वैजूमार्फत आलं. तिने धाकट्या लेकीच्या शाळेच्या वेळात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिला दिसलं की एका लिलावाच्या साइटवर लोक जुनी घड्याळं, नाणी, काहीही विकतात. आपला माल जुनाच आहे, असं ती म्हणाली. मी म्हणालो, वाजवून बघितल्याशिवाय कोण घेईल? तिने मेव्हण्याचा डिजिटल कॅमेरा आणला, चादर अंथरली, आणि एका बंद पडलेल्या कंपनीच्या गाड्यांच्या टूलबॉक्सची झाकणं मांडून फोटो काढले. (कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या गाड्यांनी माझं पोट भरलं, आणि तेही त्या मोडल्या म्हणून. अशा वेळी नाव न घेतलेलं बरं.) झाकणं चार दिवसांत गेली. आमच्या रॅकमध्ये ती सहा वर्षं पडून होती. त्यातल्या एकाखाली मी चहाचा ग्लास ठेवत असे.

सुरुवातीची गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. हैदराबादच्या एका साहेबांना हॉर्न हवा होता, पण त्यांच्या लहानपणी काकांच्या गाडीला होता त्याच आवाजाचा. फोटोत आवाज कसा दिसणार? शेवटी त्यांनी फोन केला आणि मी रिसीव्हरजवळ हॉर्न धरून वाजवला. ते म्हणाले, हा नव्हे. मी दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. शेजारचा टायरवाला येऊन बघून गेला की मला कोणाला बाजूला सरकवायचंय. पाचव्या हॉर्नला माझ्या लक्षात आलं की जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या आणि मी वाजवतोय बारा व्होल्टच्या बॅटरीवर. सगळे हॉर्न किंचाळत होते. सहाची बॅटरी शोधून जोडली तर पहिलाच हॉर्न कसा घशातून, दमानं बोलला. साहेब म्हणाले, हाच. मग म्हणाले, अजून एकदा वाजवा. मी वाजवला. त्यांनी तिसऱ्यांदाही मागितला आणि मी वाजवला. एसटीडीचं बिल त्यांचं होतं.

दुसरे पुण्याचे. त्यांनी एक हेडलाइट घेतला. पॅकिंग करताना मला तसाच, पण जास्त चांगला हेडलाइट सापडला. काचेला ओरखडा नाही, कडेचा क्रोम शाबूत. मी आपला मोठ्या मनाने तो पाठवला. दुकानात हे रोजचंच. समोर एक नमुना दाखवायचा आणि आतून त्यातला बरा काढून द्यायचा, गिऱ्हाईक खूष होतं. हे खूष झाले नाहीत. त्यांनी फोटोतला हेडलाइट ओरखड्यासकट पसंत केला होता. त्यांच्या गाडीला बाकी सगळीकडे ओरखडे होते आणि त्यात हा नवा म्हाताऱ्याच्या तोंडात एक पांढरा दात बसवावा तसा दिसला असता, असं त्यांनी सविस्तर लिहिलं. खाली साइटवर सगळ्या जगाला दिसेल असं, 'दाखवतात एक, पाठवतात दुसरं.'

वैजूला हे फार लागलं. तिने त्या दिवशी दुकानाचा दुसरा नियम केला. ज्या वस्तूचा फोटो काढला, तीच वस्तू जाईल. फोटो काढला की चादरीवरून ती वस्तू थेट तिच्या खोक्यात. मी मधे हात घालायचा नाही, मोठ्या मनाने तर मुळीच नाही. साइटवर आमच्या नावाखाली तिने एक ओळ टाकली, 'फोटोतलीच वस्तू मिळेल.' ती ओळ चालली. लोक विश्वासाने घ्यायला लागले.

तर असे आमच्या दुकानाचे दोन नियम झाले, चाचांचा तारेचा आणि वैजूचा फोटोचा. दोन्ही चोख. ते एकमेकांसमोर येतील असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता बाळू डॉक्टर. हा सायखेड्याचा. डॉक्टर म्हणायचं, पण होता तो गाई भरवणारा, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा. सरकारी नोकरी नव्हती, ट्रेनिंग घेऊन स्वतःचं काम करायचा. मोटारसायकलच्या मागे जाड्या रबरी पट्ट्यांनी बांधलेला एक कॅन, त्यात वीर्याच्या नळ्या गोठवून ठेवायचा नायट्रोजन. झाकण उघडलं की थंड वाफ यायची आणि गावातली पोरं गोळा व्हायची. त्याचं काम घड्याळावर चाले. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तेवढी वेळ चुकली की तीन आठवडे थांबा. एकेका दिवसात सायखेडा, चांदोरी आणि आजूबाजूच्या वस्त्या मिळून पाच-सहा ठिकाणी जायला लागे. म्हणजे बाळूची गाडी बंद पडली की बाळू तर घरी बसायचाच, पण परिसरातल्या गाईही.

सिंहस्थाच्या वर्षी त्याच्या इंजिनाचं बेअरिंग गेलं. त्याने इंजिन उतरवून आणलं, मी खोललं, क्रँक सातपूरच्या लेथवाल्याकडे दिली. राहिली केसिंगची जोडी. केसिंग म्हणजे इंजिनाचं पोट. भुईमुगाच्या शेंगेला असतात तशी दोन टरफलं, एक डावं, एक उजवं. कारखान्यात ही दोन्ही आधी एकत्र आवळतात आणि मग एका दमात आरपार भोक पाडतात, बेअरिंगसाठी. त्यामुळे हे डावं आणि हे उजवं जन्माचे सोबती. डावं एका गाडीचं आणि उजवं दुसरीचं लावलं तर बसल्यासारखं वाटतं, पण पन्नास किलोमीटरवर इंजिन रडायला लागतं. शिवाय डाव्यावर गाडीचा इंजिन नंबर ठोकलेला असतो. आरसी बुकात तोच. तो गेला तर गाडी कागदावर उरत नाही. त्या वर्षी नाशकात बंदोबस्त असा होता की नाक्यानाक्यावर पोलीस वाकून नंबर वाचत होते.

मी जोडीला तार बांधली आणि वरच्या फळीवर ठेवली. बाळू म्हणाला, चार दिवस मामाच्या गाडीवर काढतो, पण पाचव्या दिवशी मला गाडी पाहिजे.

त्याच दिवशी म्हैसूरच्या एका डेंटिस्टांचा ईमेल आला. जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांची चेन तुटून डाव्या केसिंगचा कान उडाला होता. आमच्याकडे एक सुटं डावं होतं, कोरं, नंबर न ठोकलेलं, कंपनीने दुरुस्तीसाठी म्हणून सोडलेलं. तसं कोरं केसिंग विकायला अडचण नसते, भोक घेणाऱ्याने आपल्या उजव्याशी जुळवून घ्यायचं. त्याची आतली बाजू जवळून दाखवा, असं डॉक्टरांचं म्हणणं. आता त्या कोऱ्या केसिंगच्या आत वर्षानुवर्षांचा तेलाचा थर होता, आणि धुवायला घेतलेलं रॉकेल नुकतंच संपलेलं. वरच्या फळीवर बाळूचं धुतलेलं केसिंग झळकत होतं. आतून दोन्ही तंतोतंत सारखी. माझ्यातला जुना दुकानदार म्हणाला, नमुना तर दाखवायचाय. मी तार कापली, बाळूचं डावं केसिंग मोरांवर ठेवलं, चार फोटो काढले. आतल्या बाजूचे, त्यामुळे नंबर कशातच नाही. तेवढ्यात लेथवाल्याचा निरोप आला म्हणून मी सातपूरला गेलो.

पुढचं सगळं नियमाने झालं. डॉक्टरांनी फोटो पाहून होकार कळवला. चादरीवर वस्तू होती, तिला तार नव्हती. वैजूने ती खोक्यात भरली, भोवती जुन्या पेपरचे बोळे कोंबले आणि कुरियरवाल्याच्या हातात दिली.

परतल्यावर चादर मोकळी दिसली तेव्हा वैजूने केसिंग फळीवर ठेवलं असेल असं मी धरून चाललो, आणि खरं काय याचा पत्ता मला पाचव्या दिवशी लागला. बाळू क्रँक सातपूरहून घेऊनच आला होता. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, लावा शेठ. मी वरच्या फळीवर हात घातला तर उजवं केसिंग हातात आलं आणि त्याच्याबरोबर कापलेल्या तारेचा तुकडा. विकायचं कोरं डावं, तेलकट, खाली रॅकमध्येच होतं. म्हणजे गेलं ते कुठलं, हे वाजवून बघायची गरज नव्हती.

वैजूला विचारलं. ती म्हणाली, फोटोतलंच पाठवलं. मग माझ्या तोंडाकडे बघून ती खाली बसली.

बाळू ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो त्या उजव्या केसिंगकडे बघत म्हणाला, "शेठ, तुमच्याकडं ठेवलं ना मी? इकायला नव्हतं दिलं."

मी म्हैसूरला फोन लावला. दवाखान्याचा नंबर पावतीवर होता. उचलला तो रिसेप्शनिस्टने. तिला कन्नड आणि इंग्रजी येत होतं, मला मराठी आणि नाशिकची हिंदी. डॉक्टर पेशंटजवळ आहेत, असं तिने तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा तिला वाटलं मला खूप दुखतंय, आणि तिने मला साडेचारची अपॉइंटमेंट दिली. मी घेतली. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं. कुठला दात, याला मी म्हणालो खालचा, डावा.

साडेचार वाजता फोन डॉक्टरांच्या हातात गेला. मी सांगायला सुरुवात केली तर तेच म्हणाले की दोन दिवस ते आमचा नंबर फिरवतायत आणि लागत नाही. लागणार कसा, आमचं इंटरनेट फोनच्याच तारेवर चालायचं आणि वैजू दोन दिवस एकामागून एक फोटो चढवत होती. डॉक्टरांना विचारायचं होतं की केसिंगवर नंबर कसा काय आहे? उत्तर न मिळाल्यामुळे त्यांनी ठरवलं की ग्राइंडरने तो घासून टाकायचा, आरटीओची परवानगी काढून आपला ठोकायचा, आणि भोक पुन्हा पाडून आपल्या उजव्याशी जुळवून घ्यायचं. केसिंग सकाळीच वर्कशॉपला पाठवलंय.

त्यांचं काही चुकत नव्हतं. वस्तू दाखवली ती मी, होकार दिला त्यांनी, मिळाली तीच. नियमाने ती त्यांचीच. ते शांतपणे म्हणाले की तुमच्या साइटवर एक ओळ आहे, ती वाचूनच मी घेतलं. माझी हिंदी आधीच कमी, त्यात बाळू समोर बसलेला. क्रँकची लाइन, बोअर, जोडी हे सगळं मी दोनदा सांगितलं आणि ते फक्त हं म्हणत राहिले. शेवटी मला दुसरं काही सुचेना.

"डॉक्टरसाब, एकाच माणसाची वरची-खालची कवळी आहे," मी म्हणालो. "खालची मी चुकून तुम्हाला विकली. तो माणूस माझ्यासमोर बसलाय."

मग त्यांनी विचारलं, तो माणूस काय करतो?

मी सांगितलं. गाई, कॅन, सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे, मी कापलेली तार, सगळं. ते म्हणाले, फोन ठेवा. मला वाटलं रागावले. नंतर कळलं की ते पेशंटला तोंड उघडं ठेवून तसाच खुर्चीत सोडून स्कूटरवरून वर्कशॉपला गेले होते.

ते आम्हाला त्या दिवशी मात्र कळलं नाही. केसिंग वाचलं की गेलं हे माहीत नसताना बाळू उठला आणि म्हणाला, आज चांदोरीला दोन गाई आहेत. मामाने गाडी सकाळी परत घेतली होती. मी शटर ओढलं, स्कूटर काढली. डिकीवर कॅन बसेना म्हणून स्टेपनी सोडून घरी ठेवली आणि तिच्या जागी कॅन आवळला. पुढचे नऊ दिवस मी हेच केलं. सकाळी औरंगाबाद रोडने सायखेडा, मग दिवसभर बाळू सांगेल तिकडे. दुकान वैजूने सांभाळलं, आणि माझ्यापेक्षा बरं सांभाळलं असं टायरवाला अजून सांगतो.

मला गाईंची सवय नाही. पहिल्या दिवशी एकीने शेपटी माझ्या चष्म्यावर मारली. बाळूचे हात खांद्यापर्यंत कामात असायचे, तेव्हा नळी धरणं, शेपूट धरणं, मालकाशी बोलणं माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीवर लोक मला डॉक्टरांचे कंपाउंडर म्हणायला लागले. एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं की एवढ्या वयात हे शिकायला घेतलं, आधीचं काय बुडलं का? मी म्हणालो, आधीचं म्हैसूरला गेलं.

आणि सहाव्या दिवशी मी एक गाय चुकवली. चांदोरीच्या पुढे गयाबाई म्हणून एक बाई राहायच्या, घरी एकच गाय. वस्तीपासून दोन किलोमीटरवर स्कूटर पंक्चर झाली. स्टेपनी घरी होती, कारण तिच्या जागी कॅन होता. ढकलत पोचलो तोवर उशीर झाला होता. बाळूने तरी गाय भरवली आणि बाहेर येऊन मान हलवली. मी गयाबाईंना म्हणालो की तीन आठवड्यांनी नक्की वेळेवर येऊ.

त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबशाल वो. त्या गाईला कोन सांगनार?"

गाय उलटली, गाभण राहिली नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा भरवली, तेव्हाही लागली नाही. तेव्हाचं माझ्यावर येत नाही असं बाळू म्हणायचा. मी हिशोब वेगळा करतो, पण तो कोणाला सांगत नाही.

दहाव्या दिवशी म्हैसूरचं पार्सल आलं. केसिंग डॉक्टरांनी स्वतःच्या अवजारांनी साफ केलेलं दिसत होतं. खाचाखाचांतून, बोल्टच्या आट्यांतून, दाताला करतात तसं. मी बोटावर लटकवून वाजवलं. टण्ण. नंबर पूर्ण होता. फक्त शेवटच्या आकड्याच्या बाजूला, नखाएवढ्या जागेत, ग्राइंडर नुकताच टेकल्याचा एक ओरखडा होता. तेवढंच अंतर उरलं होतं. खोक्यात एक कागदाची पुडी होती. त्यात दातांना बांधतात त्या तारेची बारीक गुंडाळी, आणि इंग्रजीत चिठ्ठी. वैजूने वाचली. ही तार गंजत नाही, पुढच्या वेळी हिने बांधा, असं होतं.

त्यांना मी नंतर चार महिने शोधून एक पूर्ण जोडी पाठवली, इंदूरच्या एका गाडीची, कागदांसकट. आमच्या नावाखाली त्यांनी साइटवर लिहिलं, 'माल उत्तम. विक्रेता बोलतो फार.'

बाळूचं इंजिन मी त्याच दिवशी बांधलं. तो स्टुलावर बसून बघत होता. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, त्याने कॅन मागे आवळला, वैजूला येतो वहिनी म्हणाला आणि गेला. माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. पुढची पाच-सहा वर्षं त्याने पार्ट माझ्याकडूनच घेतले. फक्त एक बदललं. त्याने कुठलीच वस्तू दुकानात मागे ठेवली नाही. कार्ब्युरेटर साफ करायला आणला तर होईपर्यंत स्टुलावर बसून राहायचा. एकदा क्लचचं काम संध्याकाळपर्यंत लांबलं. मी म्हणालो, उद्या ने की. त्याने उघडं इंजिन गोणपाटात गुंडाळलं, टेम्पो बोलावला आणि घेऊन गेला. जाताना आपल्या लेकीच्या बारशाचं आमंत्रणही दिलं. आम्ही गेलो, जेवलो, त्याने आग्रह करकरून वाढलं. पण गोणपाट मला पुरे कळलं होतं.

वैजूने नियमात दुरुस्ती केली. फोटो काढण्याआधी दोघांनी वस्तू हातात घेऊन बघायची. कॅमेरा माझ्या हातातून कायमचा गेला. मला आता फक्त चादर अंथरायचं काम आहे, आणि तेही कधी कधी उलटी अंथरतो.

दोन हजार नऊच्या सुमारास बाळूने नवी गाडी घेतली. बटणावर चालू होणारी. पुढच्याच आठवड्यात तो टेम्पोतून जुनं इंजिन घेऊन आला. मला वाटलं, विकायला आणलंय. तसल्या इंजिनाला तोवर साइटवर लोक टपलेले असायचे. मी चिंधीला हात पुसत पुढे झालो. त्याने इंजिन स्वतः उचललं, आत आणलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. खिशातून तारेचा तुकडा काढून त्याने ते दोन्ही अंगांनी आवळलं. बारीक, पांढरी तार. म्हैसूरच्या पुडीतली गुंडाळी मी इंजिन बांधलं त्या दिवशी त्याला दिली होती, ती त्याने जपून ठेवली होती हे मला माहीत नव्हतं.

"कधी नेशील?" मी विचारलं.

"ठेवलंय ना," तो म्हणाला. "राहू द्या."

मग चहा झाला. गयाबाईंकडे आता तीन गाई आहेत, असं त्याने सांगितलं. निघताना तो दारात थांबला, वरच्या फळीकडे एकदा बघितलं, वैजूकडे बघितलं, आणि मला म्हणाला, "फक्त फोटो नका काढू, शेठ."

इंजिन अजून तिथेच आहे. तारेवर गंज नाही.